जत्रेच्या नाटकाचं वर्ष शोधायला पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या जत्रेला नाटक होतं, मराठी, गावातल्याच लोकांनी बसवलेलं, आणि रंगमंचाच्या वर बोर्ड आहे त्यावर लिहिलंय स्थापना १९२६. म्हणजे शंभरी आली. कमिटी बसली, स्मरणिका काढायचं ठरलं, इतिहासाचं पान कोण लिहिणार म्हटल्यावर ते माझ्याकडे आलं कारण मी शाळेत मराठी शिकवायचो आणि आता रिटायर आहे. मी लगेच हो म्हटलं, मला मनापासून करायचंच होतं ते. पण हे १९२६ आलं कुठून असं विचारलं तेव्हा कळलं की देवस्थानच्या जमाखर्चाच्या वहीत शके १८४८ ला "नाटक खर्च" अशी पहिली नोंद आहे, त्यात ७८ मिळवले की १९२६. बस, एवढाच आधार.

आणि त्याच मीटिंगमध्ये आबा म्हणाले (नव्वदीच्या पुढचे आहेत, पण बोलणं अजून खणखणीत) की माझे वडील पंचवीस साली नोकरीला मुंबईला गेले आणि जायच्या आधी ते नाटकात काम करायचे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. मग सव्वीसची स्थापना कशी? कोणी म्हणालं आबांना आठवत नसेल, कोणी म्हणालं वडिलांनी दुसऱ्या गावच्या नाटकात काम केलं असेल. मला ते पटलं नाही. आबांच्या वडिलांच्या तोंडच्या दोन पदांच्या ओळी त्यांना अजून येतात, चालीसकट, असा माणूस नाटकाचं गाव विसरणार नाही.

गावात कागद शोधले. दोन घरांच्या माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, एकीत वाळवीने सगळा भुगा करून ठेवला होता, दुसरीत पावसाचं पाणी जाऊन पानांची एकच जाड वडी झालेली. गोव्यातला पावसाळा काय आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेवटी फोंड्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं, की त्या काळात गोव्यात मराठी साप्ताहिकं निघायची, गावोगावच्या बातम्या छापायची, आणि त्यांचे जुने अंक कुठे मिळायचे असतील तर पणजीला सेंट्रल लायब्ररीत, पाटोवर, तिथं जा.

फोंड्याहून पणजीची बस म्हार्दोळ, मग जुनं गोवं, रायबंदर अशी जाते आणि कदंब स्टँडला सोडते, तिथून लायब्ररी चालत पाचेक मिनिटांवर. मोठी सहा मजली नवी इमारत आहे. नाव कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. कृष्णदास शामा केळोशीचे, त्यांनी १५२६ साली श्रीकृष्णचरित्रकथा लिहायला घेतली, मराठी ओव्यांत. म्हणजे आमच्या बोर्डाच्या बरोबर चारशे वर्षं आधी! आणि या ग्रंथाचं हस्तलिखित कुठे सापडलं तर पोर्तुगालमध्ये, ब्रागा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरवून घेतलेलं. इथली देवळं पाडली गेली, पोथ्या गेल्या, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याच धर्मगुरूंनी भाषा शिकायला म्हणून जे उतरवून नेलं ते तिकडच्या कपाटात टिकलं. ज्याचं लिखाण आपल्याला परक्या लायब्ररीमुळे परत मिळालं त्याचंच नाव आपल्या लायब्ररीला दिलं हे मला फार योग्य वाटतं.

आता प्रोसेस सांगतो, कारण माझ्यासारखे अजून कोणी जाणार असतील त्यांना उपयोग होईल.

खाली रजिस्टरमध्ये नाव-गाव-सही, बॅग काउंटरवर, आधार कार्ड दाखवायचं. मग वर जुनी पुस्तकं आणि गोव्याच्या इतिहासाचा विभाग आहे तिथं जायचं. मी गेलो तर टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कितें जाय तुमकां?" मी म्हटलं १९२० ते १९२६ चे मराठी पेपर. "खंयचो पेपर?" ते तर मला माहीतच नव्हतं, मला बातमी पाहिजे होती, पेपर कुठलाही चालला असता. त्या हसल्या नाहीत की वैतागल्या नाहीत, सरळ म्हणाल्या मग आधी यादी बघूया, आणि बसवून यादी समोर ठेवली.

ही यादी वाचणं हेच एक काम आहे. जुन्या काळची नोंद पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे मराठी पेपराचं नाव रोमन लिपीत आणि तेही पोर्तुगीज स्पेलिंगने. "श" ला एक्स लिहायचे, म्हणजे श्री जो आहे तो एक्सच्या खाली शोधायचा, एसच्या खाली नाही. एकाच पेपरचं नाव दोन वर्षांत दोन तऱ्हेने लिहिलेलंही दिसतं. म्हणून सांगतो, नाव मनात म्हणून बघा, मोठ्याने म्हटलं तर अजून चांगलं (हळू आवाजात अर्थात), डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळतं. साप्ताहिक म्हणजे सेमानारियु एवढा एक पोर्तुगीज शब्द पाठ केला आणि माझं बरंचसं काम भागलं.

मग स्लिप भरायची. पेपरचं नाव, वर्ष, आपलं नाव, सही. एका वेळी एक-दोन बांधीव व्हॉल्यूम आणून देतात. काही वर्षांचं स्कॅनिंग झालेलं आहे, ते कॉम्प्युटरवरच दाखवतात, मूळ कागद हाताळायला देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. माझ्या कामाचे जे अंक होते त्यातले काही स्क्रीनवर मिळाले, काही हातात.

हातात आलेला पहिला व्हॉल्यूम उघडला तेव्हा बाई म्हणाल्या, "सावकास परतात हां, पान मोडटा." खरंच मोडतं. कागद गूळासारखा तपकिरी झालेला, कडेला बोट लागलं तरी तुकडा पडतो, म्हणून पान कोपऱ्याने उचलायचं नाही, खालून पूर्ण तळहात सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने वरून आधार देत उलटवायचं. पेन बंद, फक्त पेन्सिल. आणि टेबलावर पाण्याची बाटली नाही. मला हे नियम जाचक वाटले नाहीत, माळ्यावरची ती वडी बघून आलो होतो ना.

व्हॉल्यूम आतून यायला वेळ लागायचा तेव्हा मी उघड्या शेल्फवरची पुस्तकं बघायचो, आणि तिथंच मला या लायब्ररीचा इतिहास दिसायला लागला, म्हणजे कुठल्या माहितीपत्रकात नाही, पुस्तकांच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्यांत. एकाच लायब्ररीचे शिक्के पण नावं वेगवेगळी. कुठे नोव्हा गोवाची (म्हणजे पणजीचंच पोर्तुगीज काळातलं नाव) नॅशनल लायब्ररी, कुठे वास्को द गामाचं नाव, कुठे इंग्रजीत सेंट्रल लायब्ररी. मी विचारत गेलो, तिथल्याच पुस्तकांत वाचत गेलो.

सुरुवात १५ सप्टेंबर १८३२ ची. दों मानुएल दे पोर्तुगाल इ कास्त्रो नावाचा व्हाइसरॉय होता, ज्याने पणजीतली दलदल बुजवून रस्ते काढले, त्याने मिलिटरी अकॅडमीच्या जोडीला ही लायब्ररी सुरू केली, नाव पुब्लिका लिव्रारिया. पणजी अधिकृतपणे राजधानी झाली १८४३ ला. म्हणजे राजधानीपेक्षा लायब्ररी अकरा वर्षांनी मोठी आहे! पणजीच्या माणसांनी याचा अभिमान बाळगायला पाहिजे आणि तो मला पुरेसा दिसत नाही.

सुरुवातीला बहुतेक लष्करी शिक्षणाची पुस्तकं असणार हे उघड आहे, पण दोन-तीन वर्षांतच मोठी गोष्ट घडली. पोर्तुगालमध्ये १८३४ ला धार्मिक संघ बरखास्त केले, गोव्यात ते १८३५ ला लागू झालं, जुन्या गोव्यातले मठ रिकामे झाले, आणि मठांच्या ग्रंथालयांतली पुस्तकं या लायब्ररीकडे आली. लॅटिन, पोर्तुगीज, धर्मशास्त्र, प्रवासवर्णनं, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची. मला लॅटिन कळत नाही, तरी त्यातलं एक पुस्तक काचेआड उघडं ठेवलेलं होतं ते मी बराच वेळ बघत उभा राहिलो, समासात कुणीतरी बारीक शाईने टिपणं केलेली. येता-जाता बसमधून जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा मनोरा दिसतो बघा, ते चर्च १८३५ ला सोडलं गेलं, १८४२ ला छत कोसळलं आणि १९३१ ला मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मठांमध्ये कागद तसाच राहिला असता तर काय झालं असतं ते दिसतंच आहे. पुस्तकं वेळेवर हलली म्हणून राहिली.

पुढे मिलिटरी अकॅडमी १८७१ मध्ये बंद झाली, लायब्ररी चालू राहिली. १९२५ ला ती इन्स्तितुतो वास्को द गामाला जोडली गेली, हीच संस्था आता इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा म्हणून आपण ओळखतो. पणजीला आझाद मैदानाजवळ तिच्या प्रवेशाच्या दालनात निळ्या टाइल्सचं मोठं काम आहे, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, ते १९३५ चं. आमच्या पिढीचे लोक लायब्ररी म्हणजे तीच इमारत समजतात, मीही कॉलेजला असताना तिथंच जायचो, त्या टाइल्सखालून. १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर सेंट्रल लायब्ररी नाव आलं, १९९३ ला गोव्याचा ग्रंथालय कायदा झाला, आणि पाटोवरच्या नव्या इमारतीत यायला २०११ च्या आसपास उजाडलं.

भारतातली पहिली सार्वजनिक लायब्ररी हीच असं काहीजण सांगतात. मला त्या वादात पडायचं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, त्रिवेंद्रमची लायब्ररी १८२९ ची, कलकत्त्याची १८३६ ची. सगळी आठ-दहा वर्षांच्या आतली, आणि पहिली कुठली यापेक्षा इतकी वर्षं कोण बंद न पडता चाललं हे जास्त मोठं आहे. मध्ये सरकारं बदलली, राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, हुकूमशाही आली, मग आपण आलो, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर नवा शिक्का मारून लायब्ररी पुढे चालली.

आता पेपरांकडे येतो.

१९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीचे हक्क मिळाले, हे पुस्तकात वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. पण त्यानंतरच्या पंधरा वर्षांचे पेपर वाचताना ते अंगावर येतं हो. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ ला 'भारत' नावाचा पेपर काढला, सरकारवर काय सडकून लिहायचे! आणि फक्त मोठे विषय नाहीत, गावातली शाळा, रस्ता, देवस्थानचा हिशोब, मास्तराचा पगार, सगळं. लोक पत्रं लिहितायत, उत्तरं येतायत, कोणी कुणाला घाबरत नाही. वर्गणीच्या ओळीत रुपये आणि टांगा (तेव्हाचं गोव्यातलं नाणं), मुंबईच्या बोटीच्या जाहिराती, औषधांच्या जाहिराती, नाटक कंपन्या कुठं मुक्कामाला आहेत ते. दीनानाथ मंगेशकर आमच्या शेजारच्या मंगेशीचे, १९१८ ला त्यांची बळवंत संगीत मंडळी निघाली, तर या वर्षांत इकडच्या प्रत्येक गावात पोरांना नाटकाचं वेड का लागलं असेल हे वेगळं सांगायला नको.

आणि मग पोर्तुगालमधलं १९२६ चं लष्करी बंड, आणि त्यानंतर सेन्सॉर. मी माझ्या कामाची वर्षं संपल्यावरही पुढचे दोन-तीन व्हॉल्यूम मागवून बघितले, नुसतं कळावं म्हणून. आवाजच बसतो. पेपर निघतायत, पण सेन्सॉरने बघितलंय अशी एक पोर्तुगीज ओळ छापलेली, आणि मजकुरात सणवार, सत्कार, निधन. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागायची. आधीची वर्षं वाचून मग ही वाचली की जे वाटतं ते मला नीट लिहिता येत नाही. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना गोवा मुक्तिसंग्राम शिकवला, पण मुलांना इथं आणून १९२२ चा एक अंक आणि १९३५ चा एक अंक शेजारी शेजारी दाखवायला पाहिजे, भाषणाची गरजच पडणार नाही.

बातमी शोधायची रीत मी अशी ठरवली. जत्रा मार्गशीर्षात, म्हणजे साधारण डिसेंबर, कधी नोव्हेंबरचा शेवट. जुन्या तिथीची तारीख काढायला मोबाईलवर पंचांग मिळतं, आणि साप्ताहिकाच्या माथ्यावर शके-तिथी आणि इसवी तारीख दोन्ही छापलेलं असतं त्यामुळे ताडून बघता येतं. बातमी जत्रेनंतर दोन ते सहा आठवड्यांत येते, कारण गावातून कोणीतरी पत्र पाठवणार, ते पणजीला किंवा मडगावला पोचणार, जागा असेल तर छापणार. म्हणून प्रत्येक वर्षाचे डिसेंबर ते जानेवारीअखेरचे अंक, त्यातले गावोगावच्या बातम्यांचे रकाने, एवढंच ओळीने वाचायचं. बाकी वाचायचा मोह होतो, खूप होतो, पण तो आवरला तरच काम उरकतं.

१९२६ पासून मागे यायला लागलो. सव्वीस, काही नाही. पंचवीसचे अंक अर्धेच. चोवीसला आमच्या गावाचं नाव दिसलं तर बातमी विहिरीची होती. मग १९२४ च्या जानेवारीचा एक अंक, म्हणजे १९२३ च्या जत्रेनंतरचा, चौथ्या पानावर अगदी खाली, आठ-नऊ ओळी. गावाचं नाव, देवाचं नाव, जत्रा निर्विघ्न पार पडली, रात्री येथील तरुणांनी आपसात वर्गणी काढून संगीत नाटकाचा प्रयोग केला, स्त्री भूमिका एका विद्यार्थ्याने उत्तम वठवली, आणि शेवटी, मंडळाचे हे तिसरे वर्ष असून देवस्थानच्या महाजनांनी (म्हणजे देवस्थानचा कारभार बघणाऱ्यांनी) यास साह्य करावे अशी लोकांची इच्छा आहे.

तिसरे वर्ष. म्हणजे पहिलं १९२१. माझे हात कापत होते, खोटं सांगत नाही. मी बाईंना बोलावून दाखवलं, त्यांनी वाचलं आणि त्यांनाही इतका आनंद झाला की त्या शेजारच्या टेबलावरच्या सरांना घेऊन आल्या.

आणि एका बातमीत दोन्ही गोष्टींचा मेळ बसला. वहीतली शके १८४८ ची नोंदही खरी, आबाही खरे. पहिली पाच वर्षं पोरांनी स्वतःच्या खिशातून नाटक केलं, महाजनांकडे मागणी होत राहिली, आणि १९२६ ला देवस्थानने पैसे दिले म्हणून तेव्हा वहीत नोंद आली. बोर्डावर जी स्थापना आहे ती खर्च मंजूर झाल्याची तारीख आहे, नाटकाची नाही.

त्या पानाची प्रत हवी तर झेरॉक्स होत नाही, मशीनच्या झाकणाखाली असा कागद दाबला तर गेलाच. अर्ज लिहून द्यायचा, कशासाठी पाहिजे ते लिहायचं, कुठे छापणार असाल तर लायब्ररीचा उल्लेख करायचा, मग ते स्वतः स्कॅन करून देतात. तोपर्यंत मी पूर्ण बातमी पेन्सिलने उतरवून घेतली, र्‍हस्व-दीर्घ जसंच्या तसं, अंकाची तारीख, पान, रकाना सगळं. हे जरूर करा. नुसता फोटो मोबाईलमध्ये राहतो आणि तारीख कुठली ते नंतर सापडत नाही.

गावात परत येऊन देवळाच्या चौकात वाचून दाखवलं. आबा खुर्चीवर बसले होते, त्यांनी एकदाच मान हलवली आणि म्हणाले, "मास्तर, ती वर्गणीची ओळ परत वाचा." मी परत वाचली. त्यांचे वडील त्या वर्गणीबद्दल सांगायचे म्हणे, आईच्या नकळत नारळ विकून पैसे दिले होते.

कमिटीत मग दोन तट पडले. शंभरी १९२१ पासून धरली तर ती २०२१ लाच होऊन गेली, कोविडमध्ये, त्या वर्षी जत्राच जेमतेम झाली होती, कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता १०५ वं वर्ष साजरं करायचं की बोर्डाप्रमाणे शंभरावं? बरीच चर्चा झाली, तावातावानेही झाली. शेवटी कार्यक्रम यंदाच करायचा, पण स्मरणिकेवर १९२१ छापायचं आणि बोर्ड बदलायचा असं ठरलं. स्मरणिकेच्या दोन प्रती सेंट्रल लायब्ररीला द्यायच्या हे मी मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून घेतलंय. गोव्यातल्या प्रत्येक नाट्यमंडळाने, भजनी मंडळाने, शाळेने आपल्या स्मरणिका तिथं द्याव्यात, घरात वाटल्या की पाचव्या पावसाळ्यात त्या नसतात.

आता नवा प्रश्न पुढे आलाय तो स्त्री भूमिका करणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा. बातमीत नाव नाही. गावातली दोन घरं म्हणतायत तो आमचा आजोबा, दोघांकडे लुगडं नेसलेल्या मुलाचा एकेक फोटो आहे आणि दोन्ही फोटोंवर वर्ष नाही. आबांच्या मते दोन्ही नाही, तिसराच, जो पुढे आफ्रिकेला गेला. १९२२ च्या जत्रेचे अंक मी अजून बघितलेले नाहीत, ते त्या वेळी बाइंडिंगला गेले होते, आता परत आलेत असा लायब्ररीतून निरोप आलाय. चतुर्थी झाली की जाणार आहे, आणि या खेपेला त्या दोन्ही घरांतला एकेक माणूस बरोबर येतोय.